विश्लेषण : अर्धांगवायूनंतर घसटणाऱ्या पायाला ‘एएफओ’ किती आधार देतो?

‘पायातली चप्पल निसटते का? आणि निसटली तर तुम्हाला कळते का?’ आपल्याकडचे मेंदूविकारतज्ज्ञ रुग्णाला हे दोन प्रश्न हमखास विचारतात. चप्पल निसटत असेल तर पाऊल उचलणारे आणि चप्पल धरून ठेवणारे स्नायू कमकुवत झाले आहेत. निसटल्याचे कळतच नसेल तर पायाची संवेदनाही कमी झाली आहे. अर्धांगवायूच्या झटक्यातून वाचलेल्या अनेकांच्या वाट्याला हे दुबळे, घसटणारे पाऊल येते. मग कुणीतरी सुचवते, ‘पायाला ब्रेस लावा.’ मेडिकलच्या दुकानातून पांढऱ्या प्लॅस्टिकचा ब्रेस आणला जातो, चार दिवस वापरला जातो आणि नंतर कपाटावर जाऊन पडतो. ‘अँकल-फूट ऑर्थोसिस’ म्हणजेच ‘एएफओ’ नावाचे हे साधन खरोखर उपयोगी असते का? असेल, तर ते कपाटावर का जाते?

पाय नेमका का घसटतो?

मेंदूच्या एका बाजूचा रक्तपुरवठा थांबला किंवा तिथे रक्तस्राव झाला, की शरीराच्या विरुद्ध बाजूच्या हातापायातली ताकद जाते. ताकद पूर्ण गेली तर त्याला ‘हेमिप्लेजिया’ आणि अंशतः गेली तर ‘हेमिपॅरेसिस’ म्हणतात. आपण बोलताना दोन्हींना अर्धांगवायू, पक्षाघात किंवा लकवा म्हणतो.

चालताना प्रत्येक पाय साधारण 60 टक्के वेळ जमिनीवर टेकलेला आणि 40 टक्के वेळ हवेत असतो. हवेतला पाय पुढे जाताना बोटे आणि जमीन यांच्यात जेमतेम सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर अंतर राहते. नडगीच्या पुढच्या बाजूचा स्नायू पाऊल वर उचलून धरतो, म्हणून हे अंतर टिकते. अर्धांगवायूत हा स्नायू दुबळा होतो. त्याच वेळी पोटरीचे स्नायू अनेकदा ताठर होतात आणि पाऊल खाली व आत ओढतात. एकीकडे उचलणारा कमजोर, दुसरीकडे ओढणारा जोरकस, अशा कात्रीत पाऊल सापडते. बोटे फरशीला घासतात, टाचेऐवजी चवडा किंवा पावलाची बाहेरची कड आधी टेकते. यालाच ‘फूट ड्रॉप’ म्हणतात.

रुग्ण यातून आपापली वाट काढतो. कुणी खुबा वर उचलतो, कुणी पाय बाहेरून अर्धवर्तुळात फिरवून पुढे आणतो. पाऊल पुढे पडते, पण त्यात फार शक्ती जाते, कंबर दुखते आणि उंबरठा, पायपुसणे, गालिच्याची कड यांत पाय अडकण्याची भीती कायम राहते. पडल्यावर माणूस बहुधा दुबळ्या बाजूवरच पडतो. तो हात वेळेवर पुढे येत नाही आणि त्या बाजूचे हाड वापराअभावी आधीच ठिसूळ झालेले असते. म्हणून अर्धांगवायूनंतर खुब्याचे हाड मोडण्याचा धोका वाढतो. घसटणाऱ्या पावलाचा प्रश्न ‘चाल बरी दिसत नाही’ एवढ्यापुरता नसतो, तो यामुळे.

एएफओ कसा काम करतो?

पोटरीमागून खाली येऊन तळव्याखाली वळणारा, इंग्रजी ‘एल’ अक्षराच्या आकाराचा आधार म्हणजे एएफओ. पोलिओच्या काळात लोखंडी पट्ट्या आणि चामड्याच्या बुटाचा ‘कॅलिपर’ घराघरांत माहीत होता. एएफओ त्याच कुळातला, पण बहुतेकदा पॉलिप्रॉपिलीन या हलक्या प्लॅस्टिकचा असतो आणि बुटाच्या आत बसतो.

त्याचे पहिले काम सरळ आहे. पाऊल हवेत असताना ते घोटा काटकोनाच्या आसपास धरून ठेवतो, त्यामुळे बोटे खाली लोंबत नाहीत. दुसरे काम पाऊल टेकताना होते. टाच आधी टेकते आणि पाऊल आत किंवा बाहेर मुरगळत नाही. तिसरे काम बहुतेकांना माहीत नसते, ते म्हणजे गुडघ्यावरचे नियंत्रण. पाऊल जमिनीवर टेकलेले असताना घोट्याचा कोन बदलला की गुडघाही त्याप्रमाणे हलतो. चवडा खाली दाबलेला राहिला तर नडगी मागे ढकलली जाते आणि गुडघा मागच्या बाजूला वाकतो. अर्धांगवायूच्या अनेक रुग्णांत हा त्रास दिसतो आणि वर्षानुवर्षे तसेच चालल्यास गुडघा दुखू लागतो. उलट, एएफओमध्ये नडगी गरजेपेक्षा पुढे कललेली ठेवली तर गुडघा अचानक वाकून माणूस कोसळू शकतो. घोट्याच्या कोनातला दोन-चार अंशांचा फरकही महत्त्वाचा ठरतो, तो असा.

सगळे एएफओ सारखेच असतात का?

नाही. कपाटावर गेलेल्या ब्रेसची गोष्ट बहुतेक वेळा इथूनच सुरू होते.

सर्वात साधा प्रकार मागून येणाऱ्या लवचीक पट्टीचा. ती स्प्रिंगसारखी वाकते आणि पाऊल उचलून धरते. ज्यांचे पाऊल नुसते लोंबते, पण ताठरपणा कमी आहे आणि गुडघा स्थिर आहे, त्यांच्यासाठी ती पुरेशी ठरते. दुसरा प्रकार घट्ट, अखंड एएफओचा. त्यात घोटा जवळजवळ हलत नाही. जास्त ताठरपणा, पाऊल आत वळणे, गुडघा मागे जाणे अशा तक्रारींत तो लागतो. तिसऱ्या प्रकारात घोट्याशी बिजागरी असते. नडगी पुढे जाऊ शकते, पण पाऊल खाली पडत नाही. त्यामुळे खुर्चीतून उठणे आणि चढ चढणे सोपे जाते. कार्बन फायबरचे एएफओ वजनाला हलके असतात आणि पाऊल उचलताना थोडी उसळी परत देतात, मात्र ते महाग पडतात. पायाला सूज येत असेल किंवा वजन जास्त असेल तर आजही काही वेळा बुटाला जोडलेला धातूच्या दोन दांड्यांचा जुना प्रकारच योग्य ठरतो.

प्लॅस्टिकच्या एएफओचा कडकपणा बराचसा त्याची कड घोट्याजवळ कुठे कापली आहे यावर ठरतो. कड घोट्याच्या हाडामागे असेल तर तो लवचीक राहतो, हाडाच्या पुढे आणली की घट्ट होतो. जाडी आणि प्लॅस्टिक तेच असले तरी कापणी बदलली की साधनाचा स्वभाव बदलतो. दुकानात टांगलेल्या ‘स्मॉल-मीडियम-लार्ज’मध्ये हा विचार झालेला नसतो.

मग तयार घ्यावा की मापाचा?

पाऊल नुसते लोंबत असेल, ताठरपणा नसेल आणि त्वचेची संवेदना चांगली असेल तर सुरुवातीला तयार एएफओ चालू शकतो. झटक्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत पायातली ताकद झपाट्याने बदलत असते. तेव्हा लगेच महागडे साधन करून घेण्यापेक्षा तात्पुरत्या एएफओवर चालण्याचा सराव करणे शहाणपणाचे असते.

पाऊल वळत असेल, गुडघा मागे जात असेल, संवेदना कमी असेल किंवा मधुमेह असेल तर मापाचाच करून घ्यावा. त्यासाठी ऑर्थोटिस्ट पायाला प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळून साचा घेतो. साच्यावरून पायाची प्रतिकृती तयार होते. हाड वर आलेल्या ठिकाणी जागा सोडून आणि दाब द्यायच्या ठिकाणी थोडे खरवडून ती सुधारली जाते. मग तापवून मऊ केलेला प्लॅस्टिकचा पत्रा तिच्यावर चढवतात, हवा खेचून घट्ट बसवतात आणि थंड झाल्यावर कापतात. शेवटी रुग्णाला एएफओ घालून चालवून पाहिले जाते. ही चाचणी टाळून ‘घ्या, घरी घालून बघा’ असे कुणी म्हणत असेल तर तिथेच थांबवावे. हे काम करणाऱ्या तज्ज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. नोंदणी आहे का, हे विचारायला संकोच करू नये.

संशोधन काय सांगते?

ब्रिटनमधील सारा टायसन आणि रूथ केंट यांनी 2013 मध्ये 13 चाचण्यांतील 334 रुग्णांच्या निष्कर्षांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध केला. एएफओ घातल्यावर चालणे सुधारते आणि दुबळ्या पायावर वजन घेणे वाढते, असे त्यात दिसले. मात्र उभे असताना शरीराचे डोलणे आणि वेळ लावून घेतलेल्या हालचालींच्या चाचण्या यांत ठळक फरक आढळला नाही. शिवाय यातले बहुतेक पुरावे ‘घातल्यावर लगेच काय होते’ याचे होते, वर्षभराच्या वापराचे नव्हते. अमेरिकेतील फिजिओथेरपिस्टांच्या संघटनेच्या मेंदूविकार विभागाने 2021 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. चालण्याचा वेग, हिंडणे-फिरणे आणि तोल यांसाठी एएफओ किंवा विद्युत उत्तेजनेचे साधन द्यावे, असे त्यांत म्हटले आहे.

वेगातली वाढ आकड्यांत लहान दिसते, रोजच्या जगण्यात ती लहान नसते. पुनर्वसनशास्त्रात सेकंदाला 0.4 मीटरपेक्षा, म्हणजे मिनिटाला 24 मीटरपेक्षा, हळू चालणारी व्यक्ती प्रामुख्याने घरापुरतीच चालू शकते असे मानले जाते. 0.8 मीटरच्या, म्हणजे मिनिटाला 48 मीटरच्या, पुढे गेलेली व्यक्ती बाहेर बऱ्यापैकी मोकळेपणाने वावरू शकते. या दोन रेषांच्या मधे कोपऱ्यावरचे किराणा दुकान, देऊळ, बँक आणि बस थांबा येतो.

ब्रेसमुळे पाय आळशी होतो, हे खरे का?

घरोघरी ऐकू येणारी शंका हीच. ‘सवय लागेल, मग पाय स्वतःहून उचलणारच नाही.’ नेदरलँड्समधील संशोधकांनी 33 रुग्णांवर याची तपासणी केली. काहींना पहिल्या आठवड्यात एएफओ दिला, काहींना नवव्या. लवकर मिळालेल्यांचा तोल आणि चालणे आधी सुधारले. 26 आठवड्यांनंतर दोन्ही गट जवळपास सारखेच होते. एएफओ घातलेला असताना पाऊल उचलणारा स्नायू थोडे कमी काम करतो, हे दिसले. पण सहा महिन्यांच्या वापराने त्या स्नायूची स्वतःची क्रिया घटल्याचे आढळले नाही.

याच अभ्यासातली दुसरी नोंद घरच्यांनी लक्षात ठेवावी अशी आहे. लवकर एएफओ मिळालेल्या गटात सुरुवातीच्या आठवड्यांत पडण्याच्या घटना अधिक झाल्या आणि त्यांतल्या बऱ्याच एएफओ घातलेला नसताना झाल्या. माणूस हिंडू लागतो, आत्मविश्वास वाढतो आणि रात्री ‘एवढ्यासाठी कुठे घालायचा’ म्हणत तो तसाच संडासला जातो. धोका नेमका त्या चार पावलांत असतो.

अर्थात एएफओ हा व्यायामाला पर्याय नाही. फिजिओथेरपी, पोटरीचे ताण देण्याचे व्यायाम आणि प्रत्यक्ष चालण्याचा सराव सुरूच ठेवावा लागतो. एएफओने ताठरपणा बरा होईल ही अपेक्षाही चूक आहे. ताठरपणा फार असेल तर औषधे किंवा बोट्युलिनम टॉक्सिनची इंजेक्शने लागतात आणि त्यांच्या जोडीने एएफओ वापरला जातो.

मराठी घरात तो का टिकत नाही?

एएफओची कल्पना बूट घालून घरात वावरणाऱ्या समाजात वाढली. आपल्याकडे उंबरठ्याशी चपला काढतात. नुसता एएफओ घालून फरशीवर चालले तर गुळगुळीत प्लॅस्टिक घसरते आणि ओल्या न्हाणीघरात तर हमखास घसरते. म्हणून घरासाठी वेगळा, स्वच्छ तळव्याचा बूट किंवा मागे पट्टा असलेली सँडल ठेवावी किंवा ऑर्थोटिस्टकडून तळव्याला न घसरणारे रबर चिकटवून घ्यावे. अंगठ्याची किंवा मागून मोकळी चप्पल एएफओवर चालत नाही.

बुटाच्या टाचेची उंचीही महत्त्वाची. ज्या बुटासह एएफओ बसवला, त्यापेक्षा उंच किंवा सपाट बूट घातला तर नडगीचा कोन बदलतो आणि गुडघा बिघडतो. मापाला जाताना रोज वापरायचा बूटच सोबत न्यावा. आतला सोल काढता येईल असा, रुंद तोंडाचा, वेल्क्रोचा बूट सोयीचा. तो नेहमीच्या मापापेक्षा थोडा मोठा लागू शकतो.

घट्ट एएफओ घालून उकिडवे बसता येत नाही, जमिनीवर मांडी घालणेही अवघड होते. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर खुर्चीची किंवा कमोडची सोय आधी करावी. ही अडचण पहिल्याच भेटीत सांगितली तर बिजागरीच्या प्रकाराचा विचार होऊ शकतो. शेतात जाणारा, दुकानात उभा राहणारा आणि घरातच असणारा, या तिघांची गरज वेगळी असते. उजव्या पायात एएफओ असेल तर गाडी चालवण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलणे आवश्यक आहे.

आणखी एक अडचण एका हाताची. पायाबरोबर हातही दुबळा असतो, तेव्हा एएफओ घालणार कोण? सोपी पद्धत अशी : खुर्चीत नीट बसावे, गुडघा वाकवून ठेवावा म्हणजे पोटरीचा ताण कमी होतो. टाच एएफओमध्ये पूर्ण मागे टेकवावी. आधी घोट्याचा पट्टा, मग पोटरीचा पट्टा लावावा. काहींना एएफओ आधीच बुटात बसवून पाय आत घालणे सोपे जाते. ही कृती फिजिओथेरपिस्टसमोर रुग्णाने स्वतः करून दाखवल्याशिवाय साधन घरी नेऊ नये. जे साधन घालायला रोज दुसऱ्याची वाट पाहावी लागते, ते लवकरच कपाटावर जाते.

त्वचेची काळजी कशी घ्यावी?

पहिल्या दिवशी अर्धा-एक तास घालून काढावा आणि रोज वेळ वाढवत न्यावा. आत सुती, गुडघ्याखालपर्यंतचा, सुरकुती न पडणारा मोजा घालावा. काढल्यावर टाच, घोट्याची दोन्ही हाडे, पावलाची बाहेरची कड आणि पोटरीवरची कड उजेडात पाहावी. लाली 20-30 मिनिटांत गेली तर काळजी नाही. टिकून राहिली, फोड आला किंवा कातडी सोलली तर एएफओ घालणे थांबवून ऑर्थोटिस्टकडे जावे. कड तापवून किंवा घासून हा त्रास दूर करता येतो. घरी कात्री-कानस चालवू नये.

मधुमेह किंवा बधिरता असलेल्यांना जखम दुखत नाही, म्हणून त्यांच्या पायाची तपासणी घरच्यांनी रोज करावी. कोकण-मुंबईच्या दमट हवेत आणि पावसाळ्यात मोजा दिवसातून एकदा तरी बदलावा. एएफओ साबणाच्या पाण्याने पुसावा. उन्हात, हीटरजवळ किंवा बंद गाडीत ठेवल्यास प्लॅस्टिकचा आकार बिघडू शकतो.

विजेवर चालणारा पर्याय कितपत चांगला?

गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूने जाणाऱ्या मज्जातंतूला सौम्य विद्युत झटके देऊन पाऊल उचलण्याची कल्पना व्लादिमिर लिबरसन व सहकाऱ्यांनी 1961 मध्ये मांडली. आज पोटरीला बांधायच्या पट्ट्याच्या रूपात अशी साधने मिळतात. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका चाचणीत 197 रुग्णांना 30 आठवडे हे साधन किंवा एएफओ देण्यात आला. दोन्ही गटांचा चालण्याचा वेग वाढला आणि दोहोंत लक्षणीय फरक दिसला नाही. विद्युत साधन वापरणारे मात्र अधिक समाधानी होते. घोटा मोकळा राहतो, हा त्याचा फायदा. पण किंमत बरीच जास्त असते, मज्जातंतू शाबूत असावा लागतो, पेसमेकर असलेल्यांनी हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय ते वापरू नये आणि घोटा फार ताठर किंवा अस्थिर असेल तर त्याचा उपयोग होत नाही.

कुठे मिळतो? सरकारी मदत होते का?

मुंबईत हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्थेत तपासणी आणि साधने तयार करण्याची सोय एकाच ठिकाणी आहे. पुण्यातील लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र 1944 पासून या क्षेत्रात आहे. इतरत्र मोठ्या सरकारी रुग्णालयांतील फिजिओथेरपी किंवा अस्थिरोग विभागात चौकशी करावी.

केंद्राच्या ‘एडिप’ योजनेत उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्या आणि किमान 40 टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्र असलेल्यांना साहाय्यक साधने मोफत किंवा सवलतीत मिळतात. कानपूरची ‘अ‍ॅलिम्को’ ही सरकारी कंपनी तपासणी आणि वाटपाची शिबिरे घेते. प्रमाणपत्र आणि ‘युडीआयडी’ कार्डासाठी ऑनलाइन अर्ज करून सरकारी रुग्णालयात तपासणी करून घ्यावी लागते. शिबिरात साधन मिळाले तरी चालून पाहिल्याशिवाय ते स्वीकारू नये. जागतिक आरोग्य संघटनेने 2016 मध्ये जाहीर केलेल्या 50 प्राधान्य साहाय्यक साधनांच्या यादीतही पायाच्या ऑर्थोसिसचा समावेश आहे. ही चैन नाही, गरज आहे, एवढे त्यातून स्पष्ट होते.

कुणी घालू नये, कधी बदलावा?

घोटा पूर्ण आखडून गेला असेल, पायावर उघडी जखम असेल किंवा सूज दिवसभरात फार कमी-जास्त होत असेल तर आधी त्यावर उपचार हवेत. पाऊल व्यवस्थित उचलता येत असेल तर ‘काळजी म्हणून’ एएफओ लावण्याची गरज नाही. सुधारणा होत गेली तर घट्ट एएफओऐवजी लवचीक पट्टी पुरेशी होते आणि काहींचा एएफओ पुढे सुटतोही. म्हणून पहिल्या वर्षात दर काही महिन्यांनी फेरतपासणी करावी. प्लॅस्टिकला तडा, पट्टा सैल होणे, वजनात मोठा बदल किंवा गुडघा नव्याने दुखू लागणे हे तातडीने दाखवण्याचे इशारे आहेत. आणि घरात एखादा ब्रेस आधीच कपाटावर पडला असेल, तर नवा घेण्याआधी तोच पिशवीत घालून फिजिओथेरपिस्टकडे न्यावा. तो का टोचला, कुठे घसरला, कधी अडला हे सांगितले तर पुढचा एएफओ पायात टिकण्याची शक्यता वाढते.